सिनेमावर नाव कोणाचे?

२०२५ सालच्या फेब्रुवारी महिन्यातली गोष्ट आहे. रविवारची सकाळ होती. विहारातली वंदना आटोपून आम्ही घरी आलो तर ओट्यावर चौघे जण बसलेले. आमचा भाचा, त्याचे दोन मित्र आणि आमच्याच गल्लीतल्या टेलरची मुलगी. चौघांचीही तोंडे उतरलेली. पत्नीने दिलेला चहा तसाच निवत पडला होता. भाच्याने खिशातून घडी घातलेला चेक काढून आमच्यासमोर धरला.

"मामा, हा चेक बँकवाले घेईनात."

चेक २१ हजार रुपयांचा होता. सही होती, शिक्का होता, तारीख २० जानेवारीची होती. परंतु तो कोणा माणसाच्या नावाने नव्हता. त्यावर एका फिल्म कंपनीचे नाव होते. आणि वाचकहो, त्या नावाची कंपनी या भूतलावर कुठेच नव्हती! ती या पोरांनी एका संध्याकाळी टी.व्ही. सेंटरला चहाच्या गाड्यापाशी उभ्या उभ्या काढलेली होती.

हकीकत अशी. आमची वस्ती भावसिंगपुऱ्याच्या बाजूची. विद्यापीठ जवळ. दरवर्षी १४ जानेवारीला, नामविस्तार दिनाला, विद्यापीठाच्या गेटवर गावोगावची माणसे येतात. नांदेड, परभणी, हिंगोली, जालन्याकडून टेम्पो भरभरून येतात. आमच्या गल्लीतली एक आजी, म्हणजे त्या टेलरची आई, या दिवशी रात्री तीन वाजता उठून चूल पेटवते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना भाकरी-पिठले घालते. कोणाकडून वर्गणी नाही, बोर्ड नाही, फोटो नाही. या आजीवर चौघांनी २२ मिनिटांची फिल्म काढली. भाचा वाळूजला कंपनीत कंत्राटी कामावर आहे, तो दिग्दर्शक. एक मित्र लग्नाच्या शूटिंगची कामे घेतो, त्याचा कॅमेरा. दुसरा मोबाईलच्या दुकानात बसतो, त्याने आवाजाचे बघितले. मुलगी बारावीनंतर शिकवण्या घेते, ती आजीची नात. फिल्म पहिल्यांदा आमच्या विहाराच्या भिंतीवर पांढरी चादर लावून दाखवली तेव्हा बायामाणसांचे डोळे ओले झाले. पुढे परगावच्या एका संस्थेच्या स्पर्धेत ती पाठवली आणि बक्षीस लागले.

स्पर्धेच्या फॉर्मवर एक चौकोन होता, 'निर्मिती संस्थेचे नाव'. चौकोन रिकामा सोडला तर फॉर्म बाद होईल या भीतीने भाच्याने ते गाड्यावरचे नाव तिथे लिहिले. संस्थेने त्याच नावाने चेक फाडला. त्या नावाचे खाते नाही, तर चेक जमा कुठे करायचा? शिवाय चेकची मुदत तीन महिन्यांची. पूर्वी सहा महिने असायची, रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१२ पासून ती तीनवर आणली. म्हणजे २० एप्रिलला कागदाचा कपटा होणार.

"मामा, फिल्म काढणाऱ्याला कंपनीचं नाव लागतंच का हो?" भाच्याने विचारले.

आम्ही नागसेनवनात बी. कॉम. झालो आणि आज बावीस वर्षे कारकुनी करतो आहोत. वस्तीत कोणाचा रेशनचा फॉर्म, कोणाच्या पेन्शनचा अर्ज, जयंती मंडळाचा जमाखर्च, हे सगळे आमच्याच ओट्यावर येते. तरी हा प्रश्न आमच्याकडे पहिल्यांदाच आला होता. म्हटले, थांबा, बघून सांगतो. आणि पुढचे आठ दिवस ऑफिस सुटल्यावर आम्ही याच नादाला लागलो.

कायद्याचे म्हणाल तर उत्तर सरळ आहे. सिनेमा काढायला कंपनीचे नाव लागत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात निर्माता म्हणजे कोण, तर जी व्यक्ती सिनेमा काढण्यात पुढाकार घेते आणि जबाबदारी घेते ती. ती व्यक्ती तुमच्या-आमच्यासारखा एकटा माणूसही असू शकते. सिनेमाचा हक्क त्या निर्मात्याकडे साठ वर्षे राहतो. मात्र त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, जी आमच्या पोरांना सोडाच, शूटिंगवाल्यांनाही ठाऊक नसते. व्हिडिओ फिल्म बाजारात आणायची तर ती कोणी केली त्याचे नाव-पत्ता आणि हक्क कोणाचा त्याचे नाव-पत्ता फिल्ममध्ये आणि वेष्टनावर दाखवावे लागते. म्हणजे कायदा नाव मागतोच, पण जबाबदार माणसाचे. पाटी तुम्ही हौसेने लावा.

याला दाखला आपल्या माहितीतलाच आहे. आनंद पटवर्धन यांचा 'जयभीम कॉम्रेड' आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार होऊन दहा जण गेले, त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. तिथून पटवर्धनांनी कॅमेरा उचलला तो चौदा वर्षांनी, २०११ साली ठेवला. त्या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. निर्माता कोण? आनंद पटवर्धन. दिग्दर्शकही तेच. चाळींत, वस्त्यांत पडदे लावून ती फिल्म लोकांनी पाहिली, आणि कंपनी कोणती असे एकाही बाईने विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

मग कंपनीची नावे आली कुठून? ती पैशाच्या वाटेने आली. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा भांडवल काय होते? विम्याची पॉलिसी गहाण आणि सरस्वतीबाईंच्या अंगावरचे दागिने. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो लागला. कंपनीचे नाव फाळके फिल्म्स, म्हणजे घरचेच आडनाव. पुढे पैसा कमी पडू लागला, मुंबईचे धनिक भागीदार झाले आणि १९१८ साली नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. नाव मोठे झाले, फाळके मात्र त्यात नावापुरते उरू लागले. भागीदारांशी पटेना म्हणून बाहेर पडले, काशीला जाऊन राहिले, पुन्हा परत आले. पुढे ती कंपनी मिटली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशकात वारले तेव्हा हलाखीतच होते. १९६९ पासून सरकार सिनेमातला सर्वांत मोठा सन्मान फाळक्यांच्या नावाने देते. कंपनीचे नाव आता पुस्तकांत शोधावे लागते. सरस्वतीबाई रात्र रात्र फिल्मच्या पट्टीला भोके पाडायच्या, ती धुवायच्या, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या. त्यांचे नाव कुठल्या पाटीवर होते?

हा शेवटचा प्रश्न आम्हांला तेव्हा सुचला नव्हता. तो पत्नीमुळे सुचला, त्याविषयी पुढे येईलच.

नाव काढू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. व्ही. शांताराम १९४२ साली प्रभातमधून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची संस्था काढली, तिला आईवडिलांचे नाव दिले. वडील राजाराम, आई कमल, म्हणून राजकमल कलामंदिर. नागराज मंजुळे यांचे 'आटपाट' तर आपल्या आज्यांच्या गोष्टीतून आलेले, 'सैराट'च्या पाटीवर २०१६ साली ते सगळ्या महाराष्ट्राने वाचले. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१४ सालचा. त्यात लोकशाहीर झालेले नागपूरचे वीरा साथीदार आपल्या चळवळीतले, २०२१ च्या एप्रिलात कोरोनाने गेले. त्या सिनेमाला पैसा घालणारे विवेक गोंबर यांनीच त्यात बचावाच्या वकिलाचे काम केले, आणि निर्मितीची पाटी लागली झू एंटरटेनमेंट. मित्र मित्रासाठी उभा राहिला आणि त्या पैशाला एक नाव लागले, एवढे सरळ आहे ते.

थिएटरला सिनेमा लावायचा तर सेन्सॉरचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्यावर अर्जदार व निर्माता कोण ते लिहिलेले असते. मराठी सिनेमाचे शीर्षक कोल्हापूरच्या अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळासारख्या संघटनेत नोंदवायचे तर निर्मात्याने आपला बॅनर नोंदवून सभासद व्हायचे, अशी धंद्याची रीत आहे. मोठ्या सिनेमाला हे करावेच लागते. आजीच्या २२ मिनिटांना यातले काही नको होते.

त्यांना हवे होते ते फक्त बँकेचे खाते. आणि खरी कटकट इथेच सुरू झाली.

एकट्याच्या धंद्याच्या नावाने चालू खाते उघडायचे तर त्या नावाचे दोन सरकारी पुरावे बँक साधारणपणे मागते. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, जुलै २०२० पासून ती पद्धत आहे. शॉप ॲक्टचे म्हणाल तर २०१७ च्या कायद्याने तेव्हा दहापेक्षा कमी माणसे कामाला असतील तर नुसती सूचना द्यायची होती. पोरे खूश झाली. म्हणाली, मामा, दोन दिवसांत होईल! होईल हो. पण एकट्याच्या धंद्याला वेगळे पॅन कार्ड नसते. मालकाचे पॅन तेच धंद्याचे पॅन. पाटीवर कितीही झोकदार नाव लिहा, कायद्याच्या डोळ्यांना तिथे एकच माणूस दिसतो. नफा त्याचा, कर्ज त्याचे, हक्कही त्याचाच.

"मग पॅन कोणाचं लावायचं?" आम्ही विचारले.

ओट्यावर एकदम शांतता झाली. वाचकांना सांगतो, ती शांतता आम्हांला चांगली ओळखीची होती.

२००८ साली आम्ही चार मित्रांनी मिळून एक व्हीसीडी काढली होती. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला तिथपासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत ज्यांनी मार खाल्ला, घरे जळालेली पाहिली, जेल भोगला, अशा म्हाताऱ्या माणसांना बोलते केले होते. या शहराने विद्यापीठाच्या एका नावासाठी जवळजवळ सोळा वर्षे काढली आहेत, तिथे नावात काय आहे असे कोणी विचारू नये. १८ हजार रुपये आम्ही पगारातून घातले. आमच्यापैकी कोणाला कॅमेरा धरता येत नव्हता म्हणून लग्नाची शूटिंग करणाऱ्या एकाला काम दिले. ओळखीचाच माणूस. कागद काही केला नाही, आपल्या माणसाशी कागद काय करायचा! पुढच्या १४ जानेवारीला गेटजवळच्या स्टॉलवर ३० रुपयांना ती व्हीसीडी विकायला आलेली. सुरुवातीलाच त्याच्या स्टुडिओचे नाव गोल फिरत येत होते, खाली मोबाईल नंबर, 'लग्न, वाढदिवस, जावळ यांच्या ऑर्डर स्वीकारल्या जातील'. आमच्या चौघांची नावे कापून टाकलेली. जाब विचारला तर म्हणाला, "नाव कोणाचं आहे बघा ना. तुमचा कागद दाखवा."

पैशाचे दुःख एव्हाना विसरलो आहोत. पण काही वर्षांनी त्याने दुकान बंद केले आणि मूळ कॅसेटी कुठे गेल्या ते तो सांगू शकला नाही. त्या म्हाताऱ्यांपैकी आज कोणी हयात नाही. एकाची नात मागे आमच्याकडे आली होती, आजोबांचा आवाज ऐकायला मिळेल का म्हणून. आमच्याकडची व्हीसीडी ओरखडे पडून अडकते. 'जयभीम, माझं गाव' एवढे तीन शब्द ऐकू येतात आणि चित्र थांबते.

असो. म्हणून त्या ओट्यावरच्या शांततेने आमच्या पोटात गोळा आला.

पहिला बोलला तो लग्नाच्या शूटिंगवाला. त्याचे स्टुडिओच्या नावाने चालू खाते आधीच होते. म्हणाला, "काका, संस्थेला सांगून माझ्या स्टुडिओच्या नावानं चेक करून घेऊ, मग वाटून घेऊ." भाच्याचे तोंड लगेच फुगले. म्हणजे फिल्म तुझी झाली का? तो म्हणाला, कॅमेरा माझा होता, चार दिवस लग्नाला गेला असता तर दिवसाला तीन हजार सुटले असते. मोबाईलच्या दुकानवाला म्हणाला, माझ्या साडेतीन हजारांचा माईक आणला त्याचे काय? मुलगी काहीच बोलली नाही.

आम्ही वही आणली. जयंती मंडळाचा हिशेब आम्ही करतो तसाच केला. मंडळाचे उदाहरण पोरांना लगेच पटते. पावतीपुस्तक छापायच्या आधी अध्यक्ष कोण, कोषाध्यक्ष कोण हे ठरते की नाही? मंडळाच्या कमानीवरचे नाव कितीही मोठे असो, डीजेवाल्याचे बिल थकले तर तो कमानीला धरत नाही, कोषाध्यक्षाच्या घरी येतो. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

रोख खर्च निघाला १४ हजार ६०० रुपये. भाच्याचे ६ हजार, दुकानवाल्याचे साडेतीन, मुलीने शिकवणीच्या पैशांतून घातलेले अकराशे. राहिले चार हजार, ते कोणी दिले? चौघे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी मुलगी हळूच म्हणाली, "आजीनं दिलेत. बचत गटातून उचलून." म्हणजे जिच्यावर फिल्म, तिनेच व्याजाने पैसे काढून दिलेले आणि दिग्दर्शकाला पत्ता नाही!

तेवढ्यात आमची पत्नी आतून आली. तिने त्या दिवशीच मोबाईलवर फिल्म पुन्हा पाहिली होती. भाच्याला म्हणाली, "का रे, सुरुवातीला कंपनीचं नाव एवढं मोठं येतं, मागून तुतारी वाजते. मग तुझं नाव, मग याचं, मग त्याचं. या पोरीचं नाव कुठंय?"

पोरीचे नाव होते. शेवटी, 'विशेष सहकार्य' या मथळ्याखाली, चहाच्या गाडेवाल्याच्या आणि विहाराच्या किल्लीवाल्याच्या मध्ये. आणि केले काय होते तिने? आजीला बोलते तिने केले, कारण आजी पोरांपुढे बोलेचना. काय काय विचारायचे ते तिने लिहून काढले. उसन्या लॅपटॉपवर दोन महिने बसून ती २२ मिनिटे जोडली तिने.

त्यावर भाचा म्हणाला, "मामी, तिनंच लिहिलं तसं. आम्ही कुठं नको म्हटलं?" हेही खोटे नव्हते. मुलीनेच आपले नाव खाली टाकले होते. आम्हांला मात्र तेव्हा सरस्वतीबाईंची भोके पाडलेली फिल्म आठवली.

तेव्हापासून आमचे मत पक्के झाले. अशा पोरांना कंपनीचे नाव पहिल्या दिवशी लागत नाही. पहिल्या दिवशी एक साधा कागद लागतो. कोणी काय काम केले, कोणी किती पैसे घातले, मूळ चित्रीकरण कोणाकडे राहील, पैसा आला तर आधी कोणाचा फिटेल. चौघांच्या सह्या, खाली तारीख. काम वाढले आणि चौघांना एकत्रच राहायचे असले तर भागीदारीचा करार करा आणि फर्म नोंदवा. १९३२ च्या भागीदारी कायद्यात नोंदणीची सक्ती नाही, परंतु नोंद नसलेल्या फर्मला कोणी पैसे बुडवले तर करारावर दावा लावता येत नाही. बिननोंदणीची पाटी भांडणाच्या दिवशी कामाला येत नाही ती अशी. शिवाय शॉप ॲक्टच्या कागदाने नाव तुमचे एकट्याचे होत नाही, तेच नाव दुसराही लावू शकतो. नाव राखायचे तर ट्रेडमार्क घ्यावा लागतो. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाचे एका वर्गाला साडेचार हजार लागतात, म्हणजे आजीने उचललेल्या कर्जापेक्षा जास्त. पोरांनी काढलेले नाव आम्ही इथे छापत नाही ते याचसाठी.

वहीत पुन्हा आकडे मांडले. कॅमेऱ्याचे भाडे म्हणून शूटिंगवाल्याने १२ हजार मागितले. आम्ही म्हटले, लग्नाचा भाव लग्नाला, इथे चार घे. तो घासाघीस न करता कबूल झाला, पोरगा मनाने वाईट नाही. २१ हजारांतून १४ हजार ६०० आणि हे चार हजार वजा जाता उरले दोन हजार चारशे. चौघांत सहाशे-सहाशे. एवढ्यासाठी आठ दिवस भांडलात का, म्हणून पत्नी हसली तेव्हा कुठे पोरे हसली.

नावाचा वाद मात्र त्यानंतरच खरा पेटला. मुलगी म्हणाली, पुढची फिल्म करू तेव्हा नावात आपला रंग दिसू दे. तिने पा. रंजित यांचे उदाहरण दिले. त्यांच्या संस्थेचे नाव नीलम, तमिळमध्ये नीलम म्हणजे निळा. २०१८ साली त्यांनी 'परियेरुम पेरुमाळ' काढला. आपल्या सोमनाथ वाघमारे यांचा 'चैत्यभूमी' हा माहितीपटही २०२३ साली नीलमच्याच नावाने लोकांपुढे आला. तेवढा मद्रासकडचा माणूस निळा लावतो, मग आपण का लाजायचे?

शूटिंगवाला एकदम गंभीर झाला. "ताई, तुझं बरोबर आहे. पण माझ्या लग्नाच्या ऑर्डरी सगळ्या समाजाच्या येतात. नावातच कळलं तर माणूस गोड बोलून फोन ठेवतो. दोनदा झालंय माझ्यासंगं. मी तर म्हणतो फिल्मवर आडनावं पण लिहू नका, नुसती नावं लिहा."

आम्ही त्याला लगेच रागावलो नाही. रागावायचा अधिकार आम्हांला नव्हता. लग्न झाले त्या वर्षी या शहरात भाड्याची खोली शोधताना घरमालकाने नाव विचारले की आम्ही नुसते पहिले नाव सांगायचो आणि आडनावाच्या वेळी खोकायचो. तीन ठिकाणी खोकलो. चौथ्या ठिकाणी पत्नीने स्पष्ट आडनाव सांगितले, खोली गेली, आणि त्यानंतर आम्ही या वस्तीत आलो ते कायमचे. पोराच्या पोटाचा प्रश्न खोटा नाही. पण बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ची गोष्ट आम्ही त्याला सांगितली. ३१ जानेवारी १९२० रोजी पहिला अंक निघाला तेव्हा संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते, कारण बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत होते. नाव अडचणीने झाकले गेले होते, लाजेने नव्हे. आणि पत्राचे नाव उघडच ठेवले होते, ते ज्यांच्यासाठी होते त्यांचेच. शेवटी आम्ही एवढेच म्हटले की तुझा लग्नाचा स्टुडिओ तुझा, त्याचे नाव तुला हवे ते ठेव, हिशेब वेगळा ठेव. आजीच्या फिल्मला त्याची सावली नको. तो हो म्हणाला, पण आम्हांला वाटते त्याला अर्धेच पटले. पूर्ण पटावे असे आमच्याकडेही काही नव्हते.

चेकसाठी आम्हीच अर्ज लिहून दिला. अर्जाबरोबर चौघांच्या सहीचा कागद आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स जोडल्या. दोघांच्या कार्डावर औरंगाबाद आणि दोघांच्या छत्रपती संभाजीनगर, शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले त्याचा हा गोंधळ. त्यावरून संस्थेच्या माणसाने फोन करून विचारले, दोघे बाहेरगावचे आहेत का? जुना चेक परत मागवला, पुढच्या बैठकीपर्यंत थांबवले आणि ९ एप्रिलला नवा चेक दिग्दर्शकाच्या, म्हणजे भाच्याच्या नावाने आला. त्याच संध्याकाळी त्याने चार हजार अधिक व्याजाचे एकशे साठ नेऊन आजीच्या हातावर ठेवले. आजीने पैसे मोजून घेतले.

जयंतीच्या आदल्या रात्री वस्तीत फिल्म पुन्हा दाखवली. मुलीने सुरुवात बदलली होती. कंपनीचे नाव नाही, तुतारी नाही. अंधारात आधी भाकरी थापल्याचा आवाज, मग चूल, मग चौघांची नावे एका आकाराच्या अक्षरांत, कोणी काय केले त्यासह. तिच्या नावापुढे 'लेखन व संकलन'. शेवटी आजीचे नाव एकटे, काळ्या पडद्यावर.

फिल्म संपली. आजीला वाचता येते, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली आहे. ती उठून पडद्याजवळ गेली, डोळे बारीक करून अक्षरे लावली आणि नातीला हाक मारली.

"अगं, माझं आडनाव कुठं गेलं? लॅपटॉपनं खाल्लं का?"

शूटिंगवाला खाली बघू लागला. नातीने तिथेच सतरंजीवर मांडी घालून लॅपटॉप पुन्हा उघडला.